कातळाची जन्मवेळ

दिवाळीच्या सुट्टीत नातवंडं गावी आली होती. लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी टीव्हीवर 'शोले' लागला. गब्बर त्या प्रचंड गोलगरगरीत कातळांवर येरझारा घालत होता आणि नेमकी तेव्हाच वीज गेली. पाटण तालुक्यात वीज गेली की लवकर येत नाही, म्हणून मी समई पुढे ओढली.

"आजोबा, हा सिनेमा किती जुना?" धाकटीने विचारलं.

"१९७५ चा. मी तीस वर्षांचा होतो. कऱ्हाडला जाऊन पाहिला होता."

"बाप रे, पन्नास वर्षं! आणि ते दगड?"

"ते दोनशे एक्कावन्न कोटी वर्षांचे."

धाकटीने तोंडावर हात ठेवला. थोरला सातवीत आहे, तो मात्र लगेच म्हणाला, "कुणी मोजलं? तेव्हा माणूसच नव्हता. तुम्ही सांगता म्हणून खरं मानायचं का?"

मला फार बरं वाटलं. मोठ्याने सांगितलेला आकडा गपकन गिळू नये, तो कुठून आला ते विचारावं. मी म्हटलं, "मानू नकोस. आधी देवघरातून दोन वाट्या आण. एकीत खडीसाखर, दुसरीत काल पूजेला ठेवलेले बत्तासे."

तो वाट्या घेऊन आला आणि गोष्ट सुरू झाली.

ते कातळ आहेत कर्नाटकात, बंगळूरजवळच्या रामनगर इथे. या गावाचं जुनं नाव क्लोजपेट. बॅरी क्लोज नावाचा एक इंग्रज अधिकारी म्हैसूरला रेसिडेंट होता, त्याच्या नावाची ही पेठ. हाच क्लोज पुढे पुण्याला पेशव्यांच्या दरबारी आला. १८०२ च्या शेवटच्या दिवशी दुसऱ्या बाजीरावाशी वसईचा तह झाला, त्यावर इंग्रजांच्या बाजूने सही याचीच. त्याच्या पेठेवरून तिथल्या खडकाला भूवैज्ञानिक आजही 'क्लोजपेट ग्रॅनाइट' म्हणतात. दक्षिणोत्तर सुमारे चारशे किलोमीटर लांब आणि वीस-तीस किलोमीटर रुंद असा तो पट्टा आहे. गब्बर बसला होता तो त्याचा एवढासा तुकडा.

"आता हा बत्तासा फोड," मी धाकटीला सांगितलं. "आत काय दिसतं?"

"काहीच नाही. नुसतं पांढरं."

"आणि खडीसाखरेत?"

"मोठे मोठे खडे. चकचकीत."

दोन्ही साखरेचेच. पाक थेंबाथेंबाने टाकून झटकन थिजवला की बत्तासा होतो. त्यातल्या कणांना वाढायला वेळच मिळत नाही. तोच पाक दोरा सोडून दिवसचे दिवस शांत ठेवला की दोऱ्यावर स्फटिक सावकाश वाढतात, ती खडीसाखर. आपला सह्याद्री बत्ताशासारखा आहे. जमिनीच्या भेगांतून लाव्हा वर आला, पसरला, हवेला लागून थिजला आणि काळा पाषाण झाला. ग्रॅनाइटचा शिलारस वर आलाच नाही. तो जमिनीखाली कित्येक किलोमीटर खोल, दुसऱ्या खडकांत घुसून अडकला. वर जाडजूड खडकांची गोधडी होती, त्यामुळे तो निवायला फार फार काळ लागला. म्हणून त्यात फेल्डस्पारचे मोठाले गुलाबी स्फटिक दिसतात, काचेसारखी गार दिसते, अभ्रकाच्या काळ्या टिकल्या चमकतात.

"खोल थिजला, तर गब्बर त्याच्यावर कसा बसला?" थोरल्याने बरोबर पकडलं.

पावसाने, वाऱ्याने, नद्यांनी. कोट्यवधी वर्षं वरची गोधडी धागाधागाने झिजत गेली आणि आतला ग्रॅनाइट उघडा पडला.

आता अडचण बघा. गाळाचे खडक असले तर त्यात शंख-शिंपले सापडतात, त्यावरून काळाचा अंदाज येतो. शिलारसात कुठला शंख टिकणार? ज्या खडकात ग्रॅनाइट घुसला तो आधीचा असणार, एवढं डोळ्यांनी कळतं. घर आधी, घुसणारा नंतर. पण किती आधी, किती नंतर, ते सांगणार कोण? तिथे एक साक्षीदार बसलेला असतो, मिठाच्या कणाहूनही बारीक. त्याचं नाव झिर्कॉन.

"अंगठीतला?" आतून सूनबाईंनी विचारलं.

झिर्कॉनचे मोठे, स्वच्छ खडे मिळाले तर दागिन्यात बसवतात खरे. पण 'अमेरिकन डायमंड' म्हणून जो मिळतो तो हा नव्हे, तो कारखान्यात बनवलेला वेगळा पदार्थ. झिर्कॉन निसर्गाचा. शिलारस निवू लागला की त्यातले अणू आपापली जागा शोधतात. झिर्कोनियम नावाच्या धातूला फेल्डस्पारात जागा नसते आणि गारेतही नसते. मग तो सिलिकॉन आणि ऑक्सिजनशी जोडी जमवून स्वतःचं छोटं घर बांधतो. तोच झिर्कॉन. दोन्ही टोकांना निमुळता, दिसायला नाजूक, पण असा चिवट की खडक झिजून वाळू होते, वाळू नदीतून समुद्राला जाते, तरी हा शाबूत राहतो.

१७८९ साली बर्लिनचा रसायनशास्त्रज्ञ मार्टिन क्लाप्रोट याने सिलोनहून आलेल्या झिर्कॉनमध्ये झिर्कोनियम हे नवं मूलद्रव्य ओळखलं. त्याच वर्षी, दुसऱ्या एका खनिजात, त्याने आणखी एक नवं मूलद्रव्य ओळखलं. ते युरेनियम. दोन्ही शोध एकाच माणसाचे, एकाच वर्षातले. पण यातलं एक दुसऱ्याच्या घरात भाडेकरू म्हणून राहतं आणि तिथे बसून पृथ्वीचा काळ मोजतं, हे त्या बिचाऱ्याला हयातभर कळलं नाही. किरणोत्सर्ग सापडायलाच पुढे शंभराहून जास्त वर्षं जायची होती.

समईची वात सारून मी म्हटलं, "आता माळ्यावरची एक वस्तू आठवा. तांब्याची वाटी, तळाला बारीक भोक."

"ती गळकी वाटी?"

ती गळकी नाही, ते घटिकापात्र आहे. माझे आजोबा गावातल्या लग्नांत ते घेऊन बसायचे. घंगाळात पाणी भरायचं आणि ही वाटी त्यावर तरंगत सोडायची. भोकातून पाणी आत चढतं, वाटी भरते, बुडते. एक घटका झाली, म्हणजे २४ मिनिटं. सूर्योदयापासून घटका मोजत मुहूर्त गाठायचा. आजोबा मला तीन गोष्टी बजावून सांगायचे. वाटी सोडताना आत थेंबभरसुद्धा पाणी नको. वाटीला दुसरा तडा नको. आणि बसणाऱ्याने बाहेरचं पाणी आत उडू द्यायचं नाही. यातली एक जरी चुकली तरी मुहूर्त चुकला.

झिर्कॉनचं अगदी असंच आहे. युरेनियमचा अणू आकाराने आणि विद्युतभाराने झिर्कोनियमच्या जागी बसण्यासारखा असतो, म्हणून स्फटिक बनताना थोडं युरेनियम आत घेतलं जातं. शिशाचा अणू मात्र मोठा, भारही न जुळणारा, त्याला दारातूनच परत पाठवतात. म्हणजे जन्माच्या वेळी वाटी कोरडी. मग ते युरेनियम आतल्या आत मोडू लागतं आणि पायरी पायरीने बदलत शेवटी शिसं होतं. आज त्या कणात जे शिसं सापडेल ते बाहेरून आलेलं नाही, जागच्या जागी तयार झालेलं आहे. पाणी किती चढलं ते पाहिलं की घटका कळते.

"पण ते किती वेगाने मोडतं, ते कसं कळणार?"

वाटीत पाणी जवळजवळ सारख्या गतीने येतं, युरेनियमची रीत थोडी निराळी. डब्यात ६४ लाडू आहेत आणि रोज उरलेल्यातले निम्मे संपतात असं धरा. ६४ चे ३२, मग १६, मग ८. कुठला लाडू कधी उचलला जाईल ते सांगता येत नाही, पण निम्मे व्हायला एक दिवस लागतो हे पक्कं. युरेनियमच्या अणूंचंही तसंच. निम्मे अणू मोडायला जो काळ लागतो त्याला अर्धायुष्य म्हणतात. तो प्रयोगशाळेत काटेकोर मोजलेला आहे. आणि खडकाच्या पोटातली उष्णता किंवा दाब त्याला ना घाई करू शकत, ना आळस.

सगळ्यात सुंदर गोष्ट पुढे आहे. युरेनियम एक नाही, दोन जातींचं असतं. युरेनियम-२३८ चं अर्धायुष्य सुमारे ४४७ कोटी वर्षं, आणि ते शिसं-२०६ होतं. युरेनियम-२३५ चं अवघं ७० कोटी वर्षं, आणि ते शिसं-२०७ होतं. म्हणजे एकाच घंगाळात दोन वाट्या सोडल्या आहेत, एकीचं भोक बारीक, दुसरीचं मोठं. वाट्या वेगळ्या, तरी सांगायची वेळ एकच. कण २५० कोटी वर्षांचा असेल तर पहिल्या जातीच्या शंभर अणूंपैकी सुमारे ३२ चं शिसं झालेलं असायला हवं, दुसरीच्या शंभरातल्या सुमारे ९१ चं. दोन्ही जुळले की साक्ष खरी. जुळले नाहीत तर समजायचं, वाटीला तडा गेला आणि शिसं गळालं. युरेनियमच्या माऱ्याने कधी कधी स्फटिकाची वीण उसवते, तेव्हा असं होतं. जॉर्ज वेदरिल या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९५६ साली या दोन घड्याळांचा आलेख मांडला. गळालेल्या कणांवरूनही खरी वेळ कशी शोधायची, ते त्यातून कळू लागलं.

"आणि तिसरी अट? बाहेरचं पाणी उडू द्यायचं नाही ती?" थोरल्याच्या बरोबर लक्षात होतं.

तिची गोष्ट एका माणसाची आहे. १९४८ च्या सुमारास शिकागोच्या विद्यापीठात क्लेअर पॅटरसन आणि जॉर्ज टिल्टन हे दोन तरुण विद्यार्थी ग्रॅनाइटातल्या झिर्कॉनचं वय काढायला बसले. टिल्टनने युरेनियम मोजायचं, पॅटरसनने शिसं. टिल्टनचे आकडे ठीक येऊ लागले. पॅटरसनचे मात्र काही केल्या जुळेनात. शिसं हवं त्यापेक्षा कितीतरी जास्त. पुन्हा मोजलं, पुन्हा जास्त.

दुसरा कुणी असता तर आकडा थोडा वाकवून मोकळा झाला असता. पॅटरसन शोधत बसला. शिसं होतं नळाच्या पाण्यात, काचेच्या भांड्यांत, हवेतल्या धुळीत, त्याच्या स्वतःच्या केसांत. झिर्कॉनच्या कणात शिसं असतं ते अब्जांश ग्रॅमच्या हिशेबात. तिथे धुळीचा एक कण म्हणजे घंगाळात ओतलेली घागर. मग त्याने धुवायला सुरुवात केली. फरशा, टेबलं, भांडी, हात, सगळं पुन्हा पुन्हा. पुढे कॅलिफोर्नियात त्याने अशी प्रयोगशाळा उभी केली की बाहेरची हवासुद्धा गाळून आत यावी. वर्षं गेली, पण कॅनडातल्या ऑन्टॅरिओच्या एका ग्रॅनाइटाचे झिर्कॉन बोलले आणि सुमारे शंभर कोटी वर्षं असं वय सांगून गेले. त्याच स्वच्छ हातांनी त्याने उल्कापाषाणातलं शिसं मोजलं आणि १९५६ साली पृथ्वीचं वय जगापुढे ठेवलं, सुमारे ४५५ कोटी वर्षं. आजही तो आकडा जवळजवळ तिथेच आहे.

पण त्याला चैन पडेना. इतकं शिसं जगात आलं कुठून? त्याने खोल समुद्राचं पाणी तपासलं, ध्रुवाकडच्या बर्फाचे जुने थर तपासले. मोठा भाग मोटारींच्या पेट्रोलमधून येत होता, कारण इंजिनाची खडखड थांबवायला त्यात शिसं घालत. त्या धंद्यातली माणसं बलाढ्य होती, त्यांनी त्याला खूप विरोध केला. तो मागे हटला नाही. हळूहळू अमेरिकेने आणि मग इतर देशांनी ते पेट्रोल बंद केलं. आपल्याकडे २००० साली बंद झालं. पोरांनो, तुमच्या रक्तात आज जे शिसं नाही, त्यात त्या माणसाचा वाटा आहे. तो निघाला होता एका बारीक कणाचं वय काढायला.

दोघंही गप्प झाली. मग धाकटीने विचारलं, "पण एवढ्या मोठ्या दगडातून तो कण काढतात कसा?"

सराफकट्ट्यावर पूर्वी झारेकरी यायचे. दुकानापुढची धूळ झाडून न्यायची, पाण्यात घोळायची, हलकी माती वाहून जाऊ द्यायची आणि तळाला राहिलेले सोन्याचे कण गोळा करायचे. भूवैज्ञानिक झारेकऱ्याचंच काम करतात. कातळाचा पाच-दहा किलोचा तुकडा फोडून रव्यासारखा करतात. पाण्यावर घोळतात. चुंबकाला चिकटणारे कण बाजूला काढतात. मग उरलेले एका दाट, जड द्रवात टाकतात. गार आणि फेल्डस्पार वर तरंगतात, गारेच्या पावणेदोनपट जड असलेला झिर्कॉन तळाला जातो. शेवटी सूक्ष्मदर्शकाखाली, तांदूळ निवडावेत तसा, सुईच्या टोकाने एकेक कण वेचतात. हाती येतो तो चिमूटभर ऐवज.

ते कण राळेत बसवून अर्धे घासतात आणि इलेक्ट्रॉनचा झोत टाकतात. मग कण चमकतो आणि आत झाडाच्या खोडासारखी वलयं दिसतात. शिलारस निवताना तो थराथराने वाढत गेला, त्याच्या त्या खुणा. कधी मधोमध वेगळाच, झिजलेल्या कडांचा गाभा दिसतो. तो आणखी जुन्या खडकातला, वितळूनही न वितळलेला. शिलारसाने त्याच्याभोवती नवा थर चढवलेला असतो. गाभ्याचं वय घेतलं तर ते आजोबांचं येईल, नातवाचं नाही. म्हणून कुठल्या वलयावर बोट ठेवायचं हे पारखावं लागतं. ऑस्ट्रेलियात कॅनबेराला बिल कॉम्पस्टन आणि त्यांच्या सोबत्यांनी एक भलं थोरलं यंत्र बांधलं. ते आयनांच्या झोताने वलयावर केसाच्या जाडीहून लहान खळगा पाडतं आणि तिथलं युरेनियम व शिसं मोजतं. बाकीचा कण तसाच राहतो.

याच पद्धतीने फ्रेंड आणि नटमन या दोघांनी १९९१ साली क्लोजपेट ग्रॅनाइटाचं वय मांडलं, २५१ कोटी ३० लाख वर्षं. चुकलंच तर पन्नास लाख वर्षं इकडे किंवा तिकडे.

"पन्नास लाखांची चूक?" थोरला जवळजवळ ओरडलाच.

"हिशेब कर. माझं वय ऐंशी. त्याच प्रमाणात माझ्या वयात किती चूक होईल?"

त्याने कागद घेतला. समईच्या उजेडात भागाकार केला. "दोन महिने, आजोबा. तेसुद्धा पुरते नाहीत."

"माझी जन्मतारीख शाळेत घालताना मास्तरांनी अंदाजाने लिहिली, ती याहून जास्त चुकलेली असेल."

आणि तो ग्रॅनाइट ज्या पट्टेदार खडकात घुसला, त्याचा काही भाग तीनशे कोटींहूनही जुना निघाला. घर आधी, घुसणारा नंतर. डोळ्यांनी दिसलं होतं तेच झिर्कॉनने आकड्यात सांगितलं. तो शिलारस थिजत होता तेव्हा पृथ्वीवर झाड नव्हतं, मासा नव्हता, हवेत श्वासापुरताही ऑक्सिजन नव्हता. होते ते समुद्रातले डोळ्यांना न दिसणारे जीव.

"आपल्या इथे नाही का असा दगड?" धाकटी जरा हिरमुसली होती. तिच्या मते सगळी नवलाई कर्नाटकात गेली.

मी तिला जवळ घेतलं. १९६७ साली ११ डिसेंबरला पहाटे इथली भुई हलली, तेव्हा मी बावीस वर्षांचा होतो. त्या रात्रीनंतर आम्ही कितीतरी दिवस अंगणात झोपलो. कोयनेला अजूनही धक्के बसतात. ते का बसतात हे खोल जाऊन पाहावं म्हणून सरकारने इथे भोकं पाडली, काही दीड किलोमीटर खोल, एक तर तीन किलोमीटर. वरून काळा पाषाण लागत गेला. थरावर थर, कुठे एक किलोमीटरच्या आत, कुठे त्याहून खोल. आणि मग एकाएकी काळा रंग संपला. खाली पांढुरका, गुलाबी, पट्टेदार खडक, ग्रॅनाइटच्या घराण्यातला. तोही खोल थिजलेल्या शिलारसाचाच. त्याचे दंडगोल कऱ्हाडजवळ जपून ठेवले आहेत. त्यातले झिर्कॉन वेचले, मोजले. वय आलं सुमारे २७० कोटी वर्षं.

"म्हणजे गब्बरच्या दगडाहून जुना?"

जुना. आणि वरचा काळा पाषाण आहे साडेसहा कोटींच्या आसपासचा. त्यात झिर्कॉन सहसा बनत नाही, म्हणून शास्त्रज्ञांनी घाटातल्या दोन कातळांमधल्या तांबड्या मातीच्या थरांतून ज्वालामुखीच्या राखेबरोबर आलेले झिर्कॉन वेचले आणि वेळ पक्की केली. दंडगोलात काळा संपतो आणि पांढुरका सुरू होतो त्या रेघेवर बोट ठेवलं, तर एका बोटाखाली २६० कोटींहून अधिक वर्षं सरतात. तो खडक आपल्या या ओसरीखालीही आहे.

धाकटीने खाली शेणाने सारवलेल्या जमिनीकडे पाहिलं, मग पाय हळूच वर घेऊन मांडी घातली.

वीज रात्री उशिरा आली. सिनेमा संपून गेला होता, कुणी विचारलंही नाही.

सकाळी उठून अंगणात आलो तर दोघं घंगाळापाशी बसलेली. माळ्यावरची वाटी थोरल्याने चिंच लावून लख्ख घासली होती. तो ती पाण्यावर सोडणार इतक्यात धाकटी म्हणाली, "थांब!" तिने वाटी त्याच्या हातातून घेतली, फ्रॉकच्या टोकाने आतून नीट पुसली, उजेडात धरून भोकातून पाहिली, पुन्हा एकदा पुसली. आणि मग स्वतःचे ओले हात मागे घेऊन भावाला म्हणाली, "आता सोड."